टाकेवालीला काढून टाका

रविवार, ४ जानेवारी

ही वही लेकीने पोस्टाने पाठवली. पानांवर तारखा छापलेल्या आहेत, म्हणजे एखादा दिवस रिकामा सोडला की पान डोळे वटारून बघणार. बघू दे. रोज लिहायला मी मोकळी नाही.

आत चिठ्ठी होती. "आई, टीव्हीसमोर बसून जी बडबड करतेस ती यात लिही आणि रविवारी फोनवर मला वाचून दाखव. गोड लिहू नकोस."

गोड लिहू नकोस म्हणे. सत्तावीस वर्षं ओळखते मला, तरी सांगावं लागतं.

माझी शाळा चौथीत सुटली. जोडाक्षर आलं की पेन अजून अडतं. पण बोलताना कुणाच्या बापाला भीत नाही, तसंच लिहीन. मी बघते ते सगळं अंतराळातलं. परग्रह, यंत्रमाणसं, उडत्या गाड्या. सासू-सुनांच्या मालिका मला नकोत, ते घरात पुष्कळ झालं. लेक आठ वर्षांची असताना तापाने पंधरा दिवस पडून होती, तेव्हा ती अंतराळाचंच लाव म्हणायची. तिच्यासाठी म्हणून मी बसायची. तिचा ताप उतरला, माझा नाही उतरला.

बुधवार, ७ जानेवारी

पाय सुजलेत, म्हणून आल्या आल्या टीव्हीपुढे बसले.

सिनेमा होता. त्यातल्या यंत्राला माणूस व्हायचंय. का व्हायचंय ते शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. गुडघेदुखी पाहिजे का त्याला? माझ्या जागी चार दिवस उभं करा, परत डबा व्हायला धावत सुटेल.

दुसऱ्या ग्रहावरून माणसं येतात आणि पहिल्या वाक्यापासून आपलीच भाषा बोलतात. माझी नणंद दोन गल्ल्या सोडून राहते, तिचं बोलणं मला वीस वर्षांत कळलेलं नाही. धोका दिसला की कप्तान स्वतः उडी मारतो. आमचे मॅनेजर साहेब अकरा वर्षांत धुण्याच्या खोलीत उतरलेले नाहीत, वाफेने चष्मा धुरकटतो म्हणे. आणि ते पांढरे कपडे! अख्खं जहाज पांढऱ्या कपड्यांत फिरतं, धुतं कोण? एवढ्या जहाजात एक दोरी बांधलेली दिसली नाही मला.

काळात मागे जायच्या यंत्राचंही तेच. कुणी राजाला मारायला जातो, कुणी लढाई थांबवायला. घराच्या दारात बोललेलं एक वाक्य परत घ्यायला कुणी जात नाही. तसं कुणी दाखवलं तर मी दोनदा बघीन.

वहीत पुढे दोरे दोरे येईल, तर ते काय हे लिहून ठेवते. आमच्या लाँड्रीत दवाखान्यांचे आणि हॉटेलांचे कपडे येतात. मी तपासणीला. काचेचं टेबल, खाली ट्यूबलाइट. धुतलेला कपडा वर पसरायचा आणि उजेडात बघायचा. डाग राहिला असेल तर त्याच्या शेजारी लाल दोऱ्याचा एक टाका घालायचा, म्हणजे धुणारीला कळतं कुठे घासायचं ते. चांगल्या कपड्याला काही नाही. घडी करायची, रॅकवर ठेवायची.

कपड्यावर नंबर असतो, नाव नसतं. हे मी भांडून करून घेतलं. नाव असायचं तेव्हा मोठ्या डॉक्टरांच्या कोटावरचा डाग कुणाला दिसायचा नाही, आणि झाडूवालीचा झगा तीनदा परत जायचा. मी सगळ्यांना सांगते, माणूस बघू नका, कापड बघा.

घरीही आम्ही मायलेकी तेच करत आलो. भाग संपला की ती गादीवरून विचारायची, "आई, किती दोरे?" एवढीशी होती.

शुक्रवार, ९ जानेवारी

नवी मालिका सुरू झाली, 'लांबचा मुक्काम'. दर शुक्रवारी सात वाजता. लेकीने मुद्दाम सांगितलंय, बघ आणि दोरे मोजून ठेव. कुणाची आहे, कशी आहे, एक अक्षर बोलली नाही. बरोबरच आहे, आमच्यात नाव सांगत नाहीत.

जहाज निघून साठ वर्षं झालीत, पोचायला अजून चाळीस. निघाले ते म्हातारे झाले, पोचणारे अजून जन्मायचेत. हे मला आवडलं. अधूनमधून सामान भरायला एखाद्या ठाण्यावर थांबतात. त्यात एक बाई आहे, टाकेवाली. जहाजाबाहेर जायचे पोशाख ती शिवते आणि तपासते. तिने पास केल्याशिवाय दाराबाहेर कुणी पाऊल टाकत नाही. कप्तान घाई करायला लागला तर म्हणते कशी, "कप्तान असशील तुझ्या खुर्चीत. माझ्या टेबलावर तू नंबर अकरा." मी एकटीच मोठ्याने हसले. हे ज्याने लिहिलंय त्याने कामाच्या जागी उभं राहून बघितलेलं आहे.

दोरे तीन. जहाजात धूळ नाही, हा एक. दुसरा, ही टाकेवाली फार कटकट करते. तोंड म्हणून बंद नाही. तिसरा, दारं. सुर्रकन सरकतात आणि सुर्रकन मिटतात. चिडलेल्या माणसाने आपटायचं काय?

आपटता येत नाही तेच बरं म्हणा.

दोन वर्षांपूर्वी लेक दवाखान्याच्या ऑफिसातली नोकरी सोडून मोठ्या शहरात निघाली. म्हणाली, गोष्टी लिहिणार. मी म्हटलं, "तुझ्या गोष्टी वाचणार कोण, मी? मला तर वाचता येत नाही." आणि ती जिना उतरायच्या आत दार आपटलं. वरचा कोयंडा तेव्हापासून तिरका आहे. नंतर तीच शुद्धीवर आली. आता तिकडे कसल्याशा ऑफिसात आहे, कागदांचं काम. नेमकं काय ते मी विचारत नाही. पण दोन वर्षांत घरी आली नाही. रविवारचा फोन तेवढा चुकवत नाही.

शेवटी नावं सुरू झाली तसा टीव्ही बंद केला. मी नेहमीच करते. एक नाव लावेपर्यंत चार पळून जातात. आणि कपडा कुणी शिवला ते वाचून डाग थोडाच निघतो?

रविवार, ११ जानेवारी

दोरे वाचून दाखवले. नंबर अकराचं नाही वाचलं. चांगलं ते घडी करून ठेवायचं, त्यात वाचायचं काय.

ती म्हणाली, "धुळीचं बरोबर आहे. आणि टाकेवाली का नाही आवडली?"

"डोक्यात जाते. सगळ्यांवर तोंड टाकते. हिच्या घरात कोण राहत असेल गं?"

"राहतात, आई," ती म्हणाली. मग हसली. मी बोलत होते तेव्हा पाठीमागे टकटक चालू होती. रविवारीही ऑफिसातलं काम घरी आणते बिचारी.

शुक्रवार, २३ जानेवारी

तिसरा भाग.

टाकेवालीला एक मुलगी आहे. जहाज चालवणाऱ्यांत. दोघींचं बोलणं नाही, म्हणजे कामापुरतं. मुलीला पहिल्यांदा बाहेर जायचंय. टाकेवाली तिचा पोशाख टेबलावर पसरते, खाली दिवा, आणि बघायला लागते. एकदा बघून होतं. पास आहे. तरी ती तो उलटा करते आणि पहिल्यापासून परत बघते. मग तिसऱ्यांदा. बाकी सगळे जेवायला जातात, परत येतात, तिचं चाललेलंच. कुणी विचारतं, काय गं, भोक सापडत नाही का? ती म्हणते, "माणूस बघू नका, शिवण बघा." शेवटी घडी करते आणि मुलीच्या हातात देते. एक शब्द बोलत नाही. मुलगी वाट बघत उभी राहते, मग जाते.

मला रडू आलं. का आलं ते कळलं नाही. पदराने डोळे पुसले आणि टेबलावरचा चहा थंड झालेला तसाच प्यायले. घरात कुणी नव्हतं ते बरं. असा भाग मी कधी बघितला नाही. इतक्या वर्षांत नाही.

दोरा एकच. बाईने पोरीला एक चांगला शब्द बोलायला काय झालं होतं? जीभ झडली असती का?

रविवार, २५ जानेवारी

लाँड्रीतला बॉयलर बसला. वाफ नाही, गरम पाणी नाही, तीन दवाखान्यांच्या चादरी दारात. रविवार असून सगळ्यांना बोलावलं. त्यात लेकीचा फोन. एका हातात फोन, दुसऱ्या हातात ओला गठ्ठा.

"आई, एक खरं सांग. नीट विचार करून सांग. तुझ्या हातात असतं तर टाकेवालीला मालिकेत ठेवली असतीस की काढली असतीस?"

"हे काय आता? माझ्यापुढे चारशे चादरी आहेत."

"इथे ऑफिसात वाद चाललाय. आमचे मोठे साहेब म्हणतात, बाई कटकटी आहे, लोकांना नकोशी झालीय. मी एकटी म्हणते, राहू दे."

"मग तू कशाला भांडतेस तिच्यासाठी? तुझी कोण लागते ती?"

फोन गप्प. मला वाटलं लाइन गेली.

"आई, तू सांग. तू म्हणशील तसं."

इकडे धुणारी ओरडत होती, मावशी, हे कुठे टाकू. मी म्हटलं, "काढून टाका एकदाची. दार उघडा आणि द्या बाहेर ढकलून. सगळं जहाज सुखाने जेवेल."

"बरं," ती म्हणाली.

तिसऱ्या भागाचं वाचायचं राहिलं. दोरा एकच होता, तो फोन ठेवता ठेवता सांगितला.

रविवार, १ फेब्रुवारी

चौथ्या भागाचे दोन दोरे सांगितले. ती जास्त बोलली नाही. पण म्हणाली, २८ तारखेला शनिवारी येते, दोन दिवस राहीन, तुला एक सांगायचंय, समोर बसून सांगेन.

लग्न ठरवलं असणार. इस्त्रीवालीला सांगितलं. आम्ही दोघी एकाच महिन्यात लाँड्रीत लागलो, त्याला तीस वर्षं झाली. ती म्हणाली, "मुलगा तुझ्यासारखा बोलका नसू दे म्हणजे झालं."

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

पाचवा भाग. टाकेवाली दोनदाच दिसली, तीही पाठमोरी. दोरे चार. गोष्ट पातळ झालीय.

लेकीच्या खोलीतली पेटी हलवली, गादी उन्हात टाकली. दाराचा कोयंडा सुतारापुढे धरला. तो म्हणाला, "हा सरळ होणार नाही, मावशी. नवा बसवा." नवा आणला.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

टाकेवालीला काढली.

निरोप नाही, काही नाही. जहाज ठाण्यावरून निघालं. कुणीतरी विचारलं, ती कुठाय? कप्तान म्हणाला, "ती मागच्या ठाण्यावर उतरली." बस. एवढंच. तिच्या टेबलाचा दिवा विझवलेला, आणि त्यावर कुणीतरी चहाचे कप ठेवलेले. तपासणीच्या टेबलावर कप!

असं काढतात का माणसाला? साठ वर्षं जहाजात काढली तिने, पोशाख शिवले सगळ्यांचे, आणि एक ओळ? मुलीचा चेहरा तरी दाखवायचा. मुलगी खिडकीतून बाहेर बघत होती, पण मागून दाखवली. आता ती बाहेर जाईल तेव्हा तिचा पोशाख कोण बघणार?

पंधरा दोरे. वीस. मोजले नाहीत.

रविवार, २२ फेब्रुवारी

आज मी नमस्कार-चमत्कार न करता सुरू झाले. "हे ज्याने लिहिलंय त्याला माझ्यापुढे आण. काम करणाऱ्या बाईला असं फेकतात? अक्कल गहाण ठेवली होती का?"

 ती म्हणाली, "तूच म्हणालीस ना, आई. काढून टाका."

"मी म्हणाले म्हणून काय झालं? मालिकावाले माझं ऐकून चालतात होय!" मला हसूच आलं.

ती हसली नाही. म्हणाली, "मी तेवढ्या लोकांशी भांडले. तुझ्या एका शब्दापुढे नाही भांडता आलं."

मला काही कळलं नाही. विचारलं, "तुझी तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे. शनिवारचं जमत नाहीये, आई. नंतर बघू."

"आणि ते सांगायचं होतं ते?"

"काही नाही. राहू दे."

लग्न मोडलं वाटतं. मोडलं तर मोडलं, रडत बसण्यापेक्षा घरी ये म्हणावं. म्हणायचं होतं, तोवर फोन ठेवला.

शनिवार, २८ फेब्रुवारी

खोली झाडून ठेवलेली आहे.

सोमवार, २ मार्च

काल फोन आला नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा. फोन मांडीवर घेऊन बसले होते. आपण करावा तर रविवारचा फोन तिचा असतो, मी करत नाही. आमचं तसंच आहे.

दुपारी डबा खाताना इस्त्रीवालीला सांगितलं, लग्न मोडलेलं दिसतंय. ती म्हणाली, "लग्नाचं माहीत नाही बाई, पण मालिकेवर वैतागली असेल. तिची ती म्हातारी काढून टाकली ना."

"तिची म्हणजे?"

"म्हणजे तिने लिहिलेली." मग माझ्या तोंडाकडे बघून ती खायची थांबली. "अगं, शेवटी नाव येतं की तिचं. दर शुक्रवारी. तुला माहीत नाही? मला वाटलं मोठेपणा नको म्हणून तू गप्प आहेस."

मी म्हटलं, काहीतरी बरळू नकोस. तिने मोबाइल काढला, पहिला भाग लावला, शेवटाला नेला आणि नावं बोटाने थांबवली. म्हणाली, वाच. मी म्हटलं, तू वाच. ती म्हणाली, तूच वाच.

थांबलेली असली की वाचता येतात मला. 'कथा आणि संवाद' अशी ओळ होती आणि खाली तीन नावं. तिसरं तिचं. मधे बापाचं नाव नाही लावलेलं. माझं लावलंय.

उरलेला डबा तसाच बंद केला. दुपारभर टेबलावर होते. किती कपडे हाताखालून गेले आणि कुठे टाके घातले, सांगता येणार नाही.

मंगळवार, ३ मार्च

इस्त्रीवालीकडून मोबाइल मागून तिसरा भाग परत बघितला, कपडे बदलायच्या खोलीत, बाकावर बसून.

टाकेवाली कापड धरते तेव्हा तिचा अंगठा खाली असतो आणि दोन बोटं वर. शिवण बघताना जीभ टाळूला लावून च्यक् करते. दिव्याखाली वाकताना डावा हात कमरेवर. माणूस बघू नका, शिवण बघा.

जानेवारीत मी हे सगळं बघितलं होतं. मला वाटलं, काम माहीत असलेल्या माणसाने लिहिलंय. पुढे डोकं चाललं नाही. इस्त्रीवाली म्हणते, "पहिल्या दिवशीच मला कळलं. नवऱ्याला म्हटलं, ही बघ आपली बया जहाजात."

मी म्हटलं, "मी इतकी कटकट करते?"

ती म्हणाली, "त्यांनी कमी करून दाखवलीय."

आणि हिच्या घरात कोण राहत असेल, असं मी कुणाला विचारलं होतं? राहतात, आई, म्हणाली ती.

आठ वर्षांची असल्यापासून ती मला हे विचारत आलीय, किती दोरे. मी मोजून सांगत आले. ज्या भागाला दोरा नसेल त्याला मी म्हणायची, "बंद कर, झोपायचंय." नंबर अकराचं मी हसले ते या वहीत आहे. रडले ते आहे. तिच्यापर्यंत काय गेलं? धूळ, दारं आणि काढून टाका.

शुक्रवार, ६ मार्च

शेवटचा भाग. इस्त्रीवाली आली होती सोबतीला. जहाज पोचलं नाही, अजून चाळीस वर्षं आहेत. मुलगी बाहेर जायचा पोशाख स्वतःच टेबलावर पसरते, कप बाजूला करते, दिवा लावते आणि एकटी शिवण बघत बसते. तिसऱ्यांदा उलटा करते तेव्हा संपतं.

नावं सुरू झाली. मी बंद नाही केला. इस्त्रीवाली ओरडली, "आलं, आलं!" पण मी चष्मा सावरेपर्यंत गेलं होतं.

रविवार, ८ मार्च

अकरा वाजेपर्यंत वाट बघितली. मग मीच केला फोन.

"आई? काय झालं? बरी आहेस ना?" घाबरलीच ती. मी करत नाही ना कधी.

मी म्हटलं, "मधे बोलू नकोस. वाचते." आणि २३ जानेवारीचं पान वाचलं. सगळं. जोडाक्षरांना अडखळत वाचलं. रडू आलं तेही वाचलं, चहा थंड झाला तेही. मग नऊ तारखेचं, नंबर अकराचं, मी एकटीच मोठ्याने हसले ते.

तिकडे काही आवाज नाही. या वेळी लाइन गेली नाही हे मला कळत होतं.

मग म्हणाली, "कुणी सांगितलं तुला?"

"इस्त्रीवालीने. अख्ख्या लाँड्रीला माहीत होतं. तू का नाही सांगितलंस?"

"नाव सांगितलं असतं तर तू कापड बघितलं नसतंस." मग जरा थांबून, "आणि तूच म्हणाली होतीस, तुझ्या गोष्टी वाचणार कोण."

म्हणाले मीच. दार आपटलं तेही मीच.

"हे जे आत्ता वाचलंस," ती म्हणाली, "ते तेव्हा का नाही वाचलंस?"

"चांगल्याला दोरा नसतो. तुला माहीत आहे ना आपलं."

"नाही, आई. मला वाटायचं, जिथे दोरा नाही तिथलं तू बघितलंच नाहीस."

वही मिटली. मी विचारलं, "तिला परत आणता येईल का? ठाण्यावरच उतरलीय ना, मेली तर नाही. पुढच्या जहाजात बसेल."

"संपलं, आई. पुढचे भाग नाहीत. जहाज मोडलं, फळ्या ट्रकमध्ये भरून नेल्या. ते टेबलही."

"टेबलही?"

"हो."

मी म्हटलं, "चूक झाली माझी." हे मी आयुष्यात कुणाला म्हटलेलं नाही, नवऱ्याला नाही, साहेबांना नाही. नीट निघालं का माहीत नाही. ती म्हणाली, "तुलाच मालिकेत घातली म्हणून तुला राग येईल, याला भीत होते, आणि तू टाकेवालीसाठी माझ्यावरच चिडलीस." हे म्हणताना थोडी हसली. थोडीच.

"नवा कोयंडा बसवलाय," मी म्हटलं. "कधी येतेस?"

"बघते, आई."

बघते म्हणाली. येते नाही म्हणाली. ही वही पोस्टाने पाठवू का विचारलं, तर म्हणाली, "राहू दे तुझ्याकडे. लिही अजून."

सोमवार, ९ मार्च

मुलांच्या वॉर्डातली एक चादर आली. दोनशे वेळा तरी धुतली गेली असेल. पातळ झालेली, पण कुठे फाटलेली नाही, आणि डाग म्हणून नाही. काचेवर पसरली तर उजेड सगळीकडून सारखा वर आला. एका बाजूने बघितली, उलटी करून बघितली. घडी केली.

रॅकवर ठेवायच्या आधी परत उघडली. धुण्याच्या खोलीच्या दाराकडे तोंड करून मोठ्याने म्हटलं, "चांगली धुतलीय गं."

पलीकडची बडबड थांबली. धुणारी हात पुसत धावत आली. बारा वर्षं माझ्या टेबलाला कपडे देते ती.

"काय झालं, मावशी? डाग राहिला का?"

"नाही. चांगली धुतलीय म्हटलं."

ती म्हणाली, "बरं." पण गेली नाही. टेबलाशी वाकली, दिव्यावर चादर दोन्ही हातांनी ताणून धरली आणि कितीतरी वेळ डाग शोधत राहिली.